हिसाब जौ-जौ

मराठीत जकात म्हटले की डोळ्यांसमोर नाका येतो आणि नाक्यावर थांबलेला मालट्रक येतो. आपल्या घरांत जकात म्हटले की रमजान आठवतो. शब्द एकच, अरबीतून आलेला. मराठीने त्याला शहराच्या वेशीवरील कराचा अर्थ दिला, आपण तो इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक म्हणून सांभाळला. छावणीतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवते आणि मराठीचेही तास घेते. त्यामुळे हा शब्द माझ्या वर्गात दोन्ही दारांनी येतो. मराठीच्या तासाला 'जकात नाका' आला तेव्हा एका मुलाने विचारले होते, "टीचर, ट्रकवाला रोज जकात देतो, मग अब्बा सालातून एकदाच का देतात?"

मी त्याला दोन्ही अर्थ सांगितले. पण ही गल्लत फक्त मुलांची नाही, मोठ्यांचीही आहे. आमचे एक मामू किराणा दुकान चालवतात. ते बिनदिक्कत म्हणतात, "आम्ही जकात देतो ना, मग सरकारला आणखी कशाला?" मामू माणूस दिलदार आहेत. रमजानमध्ये त्यांच्या दारातून कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मात्र वर्षभरात किती विकले आणि किती उरले हे त्यांना कोणी विचारले तर ते कपाळाला हात लावून म्हणतात, "सब अल्लाह जानता." अल्लाह जाणतोच, पण वहीत काही नाही.

आमच्या छावणीला लागूनच नगर नाका आहे. नाव राहिले, जकात गेली. राज्यातल्या महापालिकांची जकात टप्प्याटप्प्याने बंद झाली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. पूर्वी कर वेशीवर ट्रक थांबवून घेतला जाई. आता तो संगणकाच्या पडद्यावर भरला जातो, आणि तो वेळेवर व बिनचूक भरण्याची जबाबदारी असलेली माणसे कंपन्यांच्या कार्यालयांत बसतात. माझी मोठी बहीण, आमची आपा, त्यांच्यापैकी एक आहे.

आपाने डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या मौलाना आझाद महाविद्यालयातून बी.कॉम. केले, नंतर सीए झाली. आज ती वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत करविभागाची प्रमुख आहे. तिच्या हाताखाली सहा जण काम करतात. मोहल्ल्यात कोणी विचारले, "तुझी आपा काय करते?" तर मी सांगते, "कंपनीचे टॅक्सचे काम बघते." त्यावर ठरलेले उत्तर येते, "म्हणजे टॅक्स वाचवते!" आणि विचारणारा डोळा बारीक करून हसतो. जणू आपा काही लपवण्याचीच नोकरी करते. हे हसणे मला खटकते, म्हणून तिचे काम खरोखर काय आहे ते येथे लिहिते आहे.

आपाचा महिना पगाराच्या तारखेने चालत नाही. सात तारखेला आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस सरकारजमा व्हायला हवा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत चालतो. अकरा तारखेपर्यंत विक्रीच्या बिलांचे विवरण जीएसटीच्या पोर्टलवर चढवायचे. चौदा तारखेला पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता पोर्टलवर तयार होतो. तो खरेदीच्या वहीशी ओळीओळीने ताडून पाहायचा आणि वीस तारखेपर्यंत जीएसटी भरायचा. शिवाय वर्षात चार वेळा आगाऊ आयकर असतो. वर्षभराचा नफा अंदाजाने धरून त्यावरच्या कराचे १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के भरायचे. अंदाज चुकला तर व्याज लागते. कापलेला टीडीएस भरायला उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि तो भरलाच नाही तर खटलाही होऊ शकतो. त्यात कायदेही बदलत राहतात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर झाला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. तोंडपाठ असलेली कलमे नव्या क्रमांकांनी पुन्हा पाठ करायची वेळ आपावर आली. हाफिजला एखादी सूरह दुसऱ्या क्रमाने म्हणायला सांगावे, तसे झाले असे ती म्हणते.

मी एकदा तिला विचारले, "आपा, एवढ्या धावपळीत तू कंपनीचे पैसे वाचवतेस ते कधी?" ती म्हणाली, "कायद्याने दिलेली सवलत घेणे हे माझे काम आहे. न झालेल्या खरेदीचे बिल दाखवणे हे माझे काम नाही. आणि मी ज्या पैशांचा हिशेब ठेवते, त्यांतले पुष्कळसे कंपनीचे नसतातच."

हे शेवटचे वाक्य मला कळायला वेळ लागला. टीडीएस कापला जातो तो कामगाराच्या पगारातून आणि ठेकेदाराच्या बिलातून. तो त्यांचा कर आहे. कंपनी तो फक्त काही दिवस जवळ ठेवते आणि त्यांच्या पॅन क्रमांकावर सरकारात भरते. जीएसटीचेही तसेच. गिऱ्हाईक तो देते, कंपनी तो पुढे पोहोचवते. याला आपल्याकडे शब्द आहे, अमानत. मराठीनेही तो घेतला आणि अक्षरे इकडची तिकडे करून अनामत केला. ज्याने कापले पण भरले नाही, त्याने दुसऱ्याची अमानत वापरली. कामगार वर्षाअखेर आपला आयकराचा तक्ता उघडतो तेव्हा तिथे रकाना रिकामा दिसतो, आणि त्याच्या पगारातून पैसे गेलेले असूनही त्याने कर भरल्याची नोंद नसते. आपाची सात तारीख चुकणे म्हणजे काय, ते या रिकाम्या रकान्यात दिसते.

वाळूजच्या मोठ्या कारखान्यांभोवती शेकडो लहान कारखाने आहेत. लेथ, ड्रिलिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग. त्यांत आपल्या समाजाचे कारागीर पुष्कळ आहेत. हात सोन्यासारखा, पण कागद कच्चा. पडेगावचे एक लेथवाले चाचा आपाच्या कंपनीला पिना आणि बुश पुरवतात. त्यांचे बिल एक लाखाचे असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे त्यावर अठरा हजार जीएसटी लागतो. कंपनी ते अठरा हजार चाचांना देते आणि स्वतःच्या कराच्या देण्यातून तेवढी वजावट घेते. मात्र चाचांनी ते बिल पोर्टलवर चढवले असेल तरच. चाचांचा हिशेबनीस आळशी निघाला, बिल चढले नाही, तर कंपनीला वजावट मिळत नाही आणि लेखा विभाग चाचांचे अठरा हजार अडवून ठेवतो. चाचा म्हणतात, कंपनीने पैसे दाबले. कंपनी म्हणते, माणूस बेभरवशाचा आहे. दोघांच्या मध्ये आपा असते. दर महिन्याच्या आठ-नऊ तारखेला ती अशा लहान पुरवठादारांना स्वतः फोन करते. हे तिच्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेले नाही. मी तिला फोनवर बोलताना ऐकले आहे, "चाचा, तुमारा बिल चढा नै अबी तक. परसो तक चढाव, नै तो पैसा अटकेगा." चाचांना वाटते पोरगी रागावली. ती त्यांचे अठरा हजार सोडवत असते.

दुसरी गोष्ट नावांची. कंपनीत माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेणाऱ्या एका माणसाच्या बिलातून एक टक्का टीडीएस कापला जाई. १ जुलै २०२३ नंतर ज्यांचे पॅन आधारशी जोडलेले नव्हते ते पॅन निष्क्रिय झाले, आणि अशांच्या बिलातून वीस टक्के कापणे भाग पडले. एक लाखाच्या बिलात एक हजारांऐवजी वीस हजार. त्या माणसाने जोडणीचा प्रयत्न केला होता, पण ती होत नव्हती, कारण एका कागदावर 'शेख' नावाच्या पुढे होता आणि दुसऱ्यावर मागे, एकीकडे 'मोहम्मद' पूर्ण लिहिलेले होते आणि दुसरीकडे इंग्रजीत नुसती दोन अक्षरे. आपाने त्याला बसवून सगळे कागद पाहिले. पहिली तफावत निघाली ती शाळा सोडल्याच्या दाखल्यात. जे नाव शाळेच्या रजिस्टरात कोणीतरी घाईत लिहिले होते, ते तीस वर्षांनी त्याच्या मजुरांच्या मजुरीच्या आड आले. ते दुरुस्त व्हायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत हमालांना पैसे देण्यासाठी त्याने बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या.

तिसरी गोष्ट २०२५ च्या मार्चची. आयकर कायद्यात ४३बी कलमाला (एच) हे उपकलम जोडले गेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्याचा अर्थ साधा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखान्याकडून माल घेतला आणि ठरलेल्या मुदतीत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत, पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. मुदत टळली तरी ३१ मार्चच्या आत पैसे दिले तर त्याच वर्षी वजा मिळतो. नाहीतर पुढच्या वर्षावर जातो. लहान कारागिराला त्याचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून केलेला हा नियम करविभागाच्या टेबलावर येऊन पडला.

त्या मार्चमध्ये आपाने थकलेल्या बिलांची यादी काढली. चाळीस लाखांच्या आसपास रक्कम होती. एका वरिष्ठाचे म्हणणे पडले, "एप्रिलमध्ये देऊ. हे लोक थांबतात, त्यांना सवय आहे." आपाने दयामाया दाखवा असे म्हटले नाही. तिने कागदावर लिहून दिले, आपण २२ टक्क्यांचा दर निवडला आहे, अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के होतो. चाळीस लाख वजा मिळाले नाहीत तर यंदा दहा लाखांहून अधिक कर जास्तीचा भरावा लागेल. पुढच्या वर्षी तो वजा होईल, पण आज रोकड जाईल. आणि हे लेखापरीक्षकांच्या अहवालातही येईल. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही कंपनीच्या आहात की पुरवठादारांच्या?" आपा म्हणाली, "सर, मी हिशेबाची आहे." पैसे निघाले. पण त्या वरिष्ठांनी नंतर कित्येक महिने तिच्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले, आणि हे तिला लागले नाही असे नाही.

त्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला रमजान ईद. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस म्हणून आयकर कार्यालये २९ ते ३१ मार्च तिन्ही दिवस उघडी होती, आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ मार्चला काम सुरू ठेवायला सांगितले होते. आपाच्या विभागात ती एकटीच मुस्लिम. तिने पाडव्याला सगळ्यांना सुटी दिली आणि एकोणतिसावा रोजा ठेवून रविवारी एकटी कार्यालयात बसली. चांदरातीला ती घरी आली तेव्हा अम्मी शीरखुर्म्यासाठी सुकामेवा कापत होती. दुसऱ्या दिवशी छावणीच्या ईदगाहवर नमाज झाली, आणि वाळूजला तिच्या सहा सहकाऱ्यांनी उरलेली देणी पूर्ण केली. तिला एकही फोन आला नाही. लहान कारखान्यांची देणी ईदच्या आधीच गेली होती. चाचांच्या घरी त्या ईदला नवे कपडे आले. ते कुणामुळे आले, हे चाचांना कधी कळले नाही.

करविभागाचे काम तारखांवर संपत नाही. वस्तूला काय नाव द्यायचे हाही त्याचा भाग आहे. आमच्या शहराजवळ शेंद्र्याला स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाचा कारखाना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने या कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. जवळजवळ संपूर्ण मोटारी सुट्या करून आणल्या, पण वेगवेगळ्या खेपांत नुसते सुटे भाग म्हणून दाखवल्या, असा आरोप होता. मोटारीच्या संचावर ३० ते ३५ टक्के शुल्क, सुट्या भागांवर ५ ते १५ टक्के. कंपनीने आरोप नाकारला आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. कोण बरोबर हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण या नोटिशीची बातमी आपाने तिच्या विभागात सगळ्यांना वाचायला लावली. खोक्यावर काय लिहायचे हा निर्णय एखाद्या दुपारी चहा पिता पिता होतो आणि त्याचा जाब वर्षांनंतर विचारला जातो. म्हणून ती प्रत्येक अशा निर्णयाची कारणे त्याच दिवशी लिहून फाइलला लावते. उद्या ती नसेल, खुर्चीत दुसरा कोणी असेल, तेव्हा कागद बोलला पाहिजे.

लिहून ठेवण्याची ही शिस्त आपल्याला परकी नाही. कुराणातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. जकात ज्यांना द्यायची अशा आठ प्रकारच्या लोकांत जकात गोळा करणारे आमिलही आहेत. म्हणजे गोळा करणे आणि हिशेब ठेवणे हे मेहनतीचे, मोबदल्याचे काम मानले गेले. याच आमिलच्या घराण्यातला मराठीचा अंमलदार. हिशेब, जमा, वसूल, बाकी, महसूल, तारीख, मुदत, तपशील, दप्तर, हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीचेच झाले. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले की त्यांना नवल वाटते. सरकारी वाटणारे शब्द त्यांच्या दादीच्या तोंडचे निघतात.

आणि आमचे शहर तर अशाच एका हिशेबी माणसाने वसवले. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर आपल्याला नहरीमुळे आणि गनिमी काव्यामुळे आठवतो. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, आणि त्याने वसुलीचा इजारा बंद केला. इजारदार दरबारात ठरलेली रक्कम भरायचा आणि रयतेकडून हवी तेवढी काढायचा. मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून, तिची प्रत आणि पीक बघून सारा ठरवला. रयतेला आपले देणे किती ते आधी कळू लागले. वसूल करणाऱ्याच्या मर्जीवर न चालता नोंदीवर चालणारा कर म्हणजे काय, ते या मातीने चारशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

मामूंना आपाने एवढेच सांगितले, "मामू, जकात तुमच्या शिल्लक मालावर आहे, साल गुजरल्यावर अडीच टक्के. टॅक्स नफ्यावर आहे. टॅक्स भरून जकात फिटत नाही हे मौलवीसाहेबांनाही विचारा. मग जकात देऊन टॅक्स कसा फिटेल? आणि वही नसेल तर जकात तरी बरोबर निघते कशावरून?" मामू पहिल्यांदा गप्प झाले. उर्दूत म्हण आहे, हिसाब जौ-जौ, बख्शिश सौ-सौ. हिशेब जवाच्या दाण्यापर्यंत करावा आणि द्यायला बसले की शंभराने द्यावे. आपल्या समाजाने या म्हणीचा दुसरा अर्धा भाग मनापासून पाळला. पहिला अर्धा कच्चा राहिला, आणि त्याची किंमत पडेगावचे चाचा मोजतात, तो हमालीचा ठेकेदार मोजतो.

२०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, वजावट आहे, बिलाचा नमुना आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांनी ते परीक्षेपुरते घोकून सोडून देऊ नये असे मला वाटते. मी त्यांना घरची बिले आणायला सांगते. कोणी औषधाचे आणते, कोणी अब्बाच्या वर्कशॉपचे. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र, मग पॅनची दहा अक्षरे, हे ते बोट ठेवून शोधतात. एका मुलीने वडिलांच्या बिलावरचा क्रमांक चुकीचा छापलेला पकडून दिला. तिला सीए व्हायचे आहे.

आणि जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की मी रजिस्टर पुढे घेऊन आईबापांकडे जन्माचा दाखला आणि आधार मागते, दोन्ही शेजारी ठेवते आणि नाव अक्षर-अक्षर लावून पाहते. शेख पुढे की मागे, मोहम्मद पूर्ण की अर्धे. रांग लांबते, मागचे कुरकुरतात, "टीचर, इतनेसे बच्चेका इतना क्या देखते?" मी लिहीत राहते.